मेनूतून काढलेला कंपोनंट बंद होत नाही: जूमलात कोणाला काय उघडू द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेची एकच साइट आहे, जूमला या साइट बनवण्या-चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभी केलेली. सदाशिव पेठेतली मूळ शाळा, कोथरूड आणि हडपसरच्या शाखा, सगळ्यांचं काम तिच्यावरच चालतं. प्रवेशअर्ज, फी, ग्रंथालय, फोटो गॅलरी, बॅकअप असे पाच जादा कंपोनंट, म्हणजे एकेका कामाचे स्वतंत्र भाग, बसवलेले आहेत. काही तयार घेतलेले, काही स्थानिक डेव्हलपरकडून करून घेतलेले. ॲडमिनमध्ये, म्हणजे साइट चालवणाऱ्यांच्या आतल्या बाजूला, लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला हे पाचही दिसतात आणि उघडतात. डेव्हलपरचं म्हणणं, ज्याला जे नको ते त्याच्या मेनूतून काढून टाकू. एवढ्याने भागेल का, नसेल भागत तर काय करायचं, आणि डेव्हलपरकडून नेमकं काय मागून घ्यायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मेनूतून काढून भागणार नाही. मेनू ही फक्त पाटी आहे. दारावरची पाटी काढली म्हणून खोलीला कुलूप लागत नाही. ज्याला खोली माहीत आहे तो सरळ आत जातो. वेब सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खोलीला स्वतःचा पत्ता असतो आणि तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत सगळ्यांना दिसत असतो. तो कोणाच्या बुकमार्कमध्ये असतो, हिस्ट्रीत असतो, एखाद्या सहकाऱ्याने मदत म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेला असतो.

मी सांगतो म्हणून मानू नका, आजच करून बघा. सुपर युजरच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या, लॉगिनने फीचा कंपोनंट उघडा. वरच्या पत्त्यात ‘ऑप्शन’ हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे ‘कॉम’पासून सुरू होणारं कंपोनंटचं नाव दिसेल. तो अख्खा पत्ता कॉपी करून ठेवा. आता ग्रंथपालांचं एक चाचणी खातं तयार करा आणि त्याच्या मेनूतून फी काढा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये त्या खात्याने ॲडमिनमध्ये शिरा, तो पत्ता पट्टीत चिकटवा आणि एंटर दाबा. परवानगी नसल्याचा संदेश आला तर दाराला कुलूप आहे. विद्यार्थ्यांची नावं, इयत्ता आणि थकीत रकमा समोर आल्या तर नाही. मी ज्या ज्या शाळांच्या साइट तपासल्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दुसरी गोष्टच घडली आहे, आणि समोर बसलेल्या मुख्याध्यापकांना तो क्षण पुरेसा असतो. पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

ही चूक फक्त शाळांची नाही. वेब सुरक्षेतल्या धोक्यांची क्रमवारी लावणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या २०१७च्या यादीत तुटका प्रवेश-नियंत्रण हा दोष पाचव्या क्रमांकावर होता, २०२१च्या यादीत तो पहिल्यावर आला. दाखवणं आणि उघडू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोठमोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही सुटून जातं.

जूमलात या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या ठेवलेल्या आहेत. २०११ साली १.६ आवृत्तीत आजची परवानग्यांची रचना आली. एकीकडे व्ह्यूइंग ॲक्सेस लेव्हल: कोणत्या गटाला काय दिसेल. दुसरीकडे परमिशन: कोणता गट काय करू शकेल. ॲडमिनच्या बाजूला एखादा कंपोनंट उघडायला देणारी परमिशन म्हणजे ‘ॲक्सेस ॲडमिनिस्ट्रेशन इंटरफेस’. तुमच्या प्रश्नाचं खरं कुलूप हेच. कंपोनंट उघडा, उजवीकडच्या ऑप्शन्समध्ये जा, परमिशन्सचा टॅब उघडा. डावीकडे गटांची यादी आणि समोर प्रत्येक कृतीसाठी निवड दिसेल.

सध्या सगळ्यांना सगळं का उघडतं, याचं कारणही इथेच सापडेल. पैज लावून सांगतो, तुमच्या ऑफिसातली मंडळी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या तयार गटात टाकलेली असणार. जूमला बसवताना या गटाला वरची परमिशन ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये, म्हणजे सगळ्या साइटसाठी एकदमच मिळालेली असते. ती खाली प्रत्येक कंपोनंटपर्यंत झिरपते. आजच्या पाच कंपोनंटना ती लागू आहे, आणि पुढच्या महिन्यात तुम्ही सहावा बसवलात तर त्यालाही, कोणी काही न करता, लागू होणार आहे. ‘मॅनेजर’ गट थोडा बरा. त्याला कंपोनंट उघडायची परवानगी सरसकट नसते, पण नवं करणं, बदलणं आणि पुसणं या परवानग्या ग्लोबल पातळीवर असतात. म्हणजे एखाद्या कंपोनंटचं दार त्याच्यासाठी उघडलंत की आत पुसण्याचा अधिकारही आपसूक जातो.

म्हणून माझा सल्ला: या दोन्ही तयार गटांना हात लावू नका आणि त्यांत कोणाला ठेवूही नका. ‘रजिस्टर्ड’ गटाच्या खाली स्वतःचे नवे गट करा. नावं माणसांची किंवा हुद्द्यांची नकोत, कामाची द्या: प्रवेश-नोंद, प्रवेश-तपासणी, फी-वसुली, ग्रंथालय, गॅलरी. ग्लोबल कॉन्फिगरेशनमध्ये या गटांना फक्त ‘ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिन’ द्या, बाकी काही नाही. मग प्रत्येक कंपोनंटच्या ऑप्शन्समध्ये जाऊन त्याच कामाच्या गटाला दार उघडून द्या आणि आतल्या कृती मोजून द्या. फी-वसुलीला नवी पावती करता यावी, पण ‘डिलीट’ देऊ नका. चुकलेली पावती रद्द असा शेरा मारून राहिली पाहिजे, नाहीशी होता कामा नये. ऑडिटच्या वेळी पावत्यांच्या क्रमांकात खंड दिसला तर उत्तर द्यायला तो कारकूनच उभा राहतो. त्याच्या हातात पुसण्याचं बटण न देणं हे त्याचंच संरक्षण आहे.

इथे एक जागा अशी आहे की जिथे जवळजवळ प्रत्येकजण अडकतो. नवा गट केला, सगळं नीट लावलं, फी-वसुलीच्या खात्याने लॉगिन केलं, आणि समोर रिकामं पान: ॲडमिन उघडलं आहे, पण मेनूच नाही. लोक घाबरतात आणि त्या माणसाला परत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ गटात टाकून मोकळे होतात. कारण साधं आहे. ॲडमिनचा मेनू हा एक मॉड्यूल, म्हणजे पानावर बसवलेला छोटा तुकडा, आहे आणि त्याची ॲक्सेस लेव्हल ‘स्पेशल’ असते. त्या लेव्हलमध्ये जूमलाचे मोजकेच तयार गट असतात, तुमचा नवा गट नसतो. युजर्समधल्या ॲक्सेस लेव्हल्सच्या पानावर जाऊन ‘स्पेशल’मध्ये तुमच्या गटांवर खूण केली की मेनू येतो, आणि त्यात ज्या कंपोनंटची परवानगी आहे तेच दिसतात. त्याहून नीटनेटका मार्ग म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळा ॲडमिन मेनू करायचा, ३.७ आवृत्तीपासून ही सोय आहे. फी-वसुलीसाठी दोनच ओळींचा मेनू, त्याची स्वतःची ॲक्सेस लेव्हल. ज्यांना संगणकाची भीती वाटते त्या ज्येष्ठ मंडळींना यामुळे फार हायसं वाटतं. तुमचा डेव्हलपर जे सुचवतोय ते इथे शोभतं, पण आधी कुलूप लावून मग.

आता ‘डिनाइड’बद्दल, कारण याच्याइतका घोळ दुसरी कुठली निवड घालत नाही. परमिशनच्या टॅबमध्ये इन्हेरिटेड (वरच्या पातळीवरून जे येईल ते), अलाउड (परवानगी) आणि डिनाइड (नकार) असे पर्याय दिसतात. साहजिक वाटतं की ग्रंथालय गटाला प्रवेशअर्ज नकोत, तर तिथे डिनाइड करून टाकावं. करू नका. जूमलात नकार सगळ्यांवर मात करतो. वरच्या गटाला डिनाइड केलंत तर खालच्या गटाला अलाउड देऊनही उपयोग होत नाही. शेजारच्या रकान्यात कुलपाचं चिन्ह दिसतं. आणि एक माणूस दोन गटांत असेल, एकात अलाउड आणि दुसऱ्यात डिनाइड, तर त्याला नकारच मिळतो.

शाळेत माणसं एकच काम करत नाहीत. जूनच्या आधी प्रवेशाची गर्दी झाली की ग्रंथपाल महिनाभर प्रवेशाच्या टेबलावर बसतात. त्यांना प्रवेश-नोंद गटात घातलं, तरी ग्रंथालय गटातल्या डिनाइडमुळे दार उघडत नाही. रांग बाहेर जिन्यापर्यंत गेलेली असते, कोणाला कारण कळत नाही, आणि शेवटी मुख्य पासवर्ड कागदावर लिहून दिला जातो. मग महिनाभर ग्रंथपालांकडे अख्ख्या साइटच्या चाव्या. खरी गरज फक्त एवढी असते की ग्रंथालय गटाला प्रवेशअर्जाबद्दल काहीच सांगायचं नाही, जसं आहे तसं इन्हेरिटेड ठेवायचं. जे स्पष्टपणे दिलेलं नाही ते जूमलात नाहीच असतं. मग ग्रंथपालांना जूनपुरतं दुसऱ्या गटात घालायचं आणि गर्दी ओसरली की काढायचं. कोणाला नाही यापेक्षा कोणाला आहे याची यादी ठेवा, हे तत्त्व सॉल्त्झर आणि श्रोडर या दोन संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच मांडून ठेवलं आहे, आणि माझ्या अनुभवात ते शाळेच्या ऑफिसातही तसंच्या तसं लागू पडतं.

काही दारं मात्र कोणत्याच कामाच्या गटाला उघडू नका. युजर्सचा कंपोनंट त्यातला पहिला; जो खाती बदलू शकतो तो माणसं या गटातून त्या गटात हलवू शकतो, आणि मग तुमची सगळी रचना त्याच्या मर्जीवर येते. एक्स्टेन्शन, म्हणजे नवे कंपोनंट वगैरे, बसवायचं पान दुसरं. बॅकअप तिसरं, आणि याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं: बॅकअपच्या एका फाइलमध्ये प्रवेश, फी, खाती, सगळं असतं. फीचं दार बंद आणि बॅकअप डाउनलोड उघडं, ही व्यवस्था अर्थहीन आहे. कंपोनंटच्या परमिशनमधली ‘कॉन्फिगर एसीएल अँड ऑप्शन्स’ (एसीएल म्हणजे परवानग्यांची यादी) ही ओळही जपून. ती ज्याच्याकडे आहे तो त्या कंपोनंटच्या परवानग्या स्वतःच बदलू शकतो. एखाद्याला फक्त सेटिंग बदलायची असतील तर तिच्या शेजारची ‘कॉन्फिगर ऑप्शन्स ओन्ली’ द्या.

सुपर युजरला तर डिनाइडही अडवत नाही. म्हणून अशी खाती दोन असावीत, तीन नकोत, आणि दोन्हींवर मल्टी-फॅक्टर पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी, लावलेली असावी, ४.२ आवृत्तीपासून ती जूमलात नीट बसवलेली आहे. हे सांगितलं की संस्थेत एक नाजूक प्रसंग येतो. कार्यवाह म्हणतात, संस्था माझ्या सहीने चालते, मला सगळे अधिकार का नाहीत? त्यांचा मुद्दा मानाचा असतो आणि तो फेटाळून लावू नये. त्यांना सगळे अहवाल बघता येतील असा एक ‘निरीक्षण’ गट करून द्या: कंपोनंट उघडतील, पण नवं, बदल, पुसणं काही नाही. त्यांना समजावून सांगा की ज्या खात्याला काहीही पुसता येतं त्याचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला, तर नाव त्यांचं लागेल. मी पाहिलेले बहुतेक पदाधिकारी हे लगेच समजतात.

आणि ऑफिसभर एकच लॉगिन वापरणं बंद करा. टेबलावरच्या काचेखाली पासवर्डची चिठ्ठी असेल तर वरचं सगळं वाया आहे. ३.९ आवृत्तीपासून जूमलात युजर ॲक्शन्स लॉग आहे. कोणी कधी लॉगिन केलं, काय बदललं हे त्यात राहतं. पण ‘ऑफिस’ नावाच्या एका खात्यात चार माणसं असतील तर त्या नोंदीवरून काहीच ठरवता येत नाही.

हे झालं ॲडमिनच्या बाजूचं. पालक आणि विद्यार्थी ज्या बाजूने येतात तिथला धोका मला जास्त गंभीर वाटतो. तिथे बहुतेक लोक मेनूतल्या ओळीला ‘रजिस्टर्ड’ अशी ॲक्सेस लेव्हल देतात आणि कंपोनंट सुरक्षित झाला असं समजतात. ती ओळ लॉगिनशिवाय दिसत नाही हे खरं. पण कंपोनंटने स्वतः तपासणी केली नसेल तर तोच कंपोनंट त्या ओळीच्या वाटेने न जाता, थेट पत्त्याने उघडू शकतो. तोच पट्टीत पत्ता चिकटवण्याचा प्रयोग इथे लॉगिन न करता करा.

त्याहून वाईट प्रकार फाइलींचा. प्रवेशअर्जाबरोबर पालक जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डाची प्रत चढवतात. पुष्कळ कंपोनंट या फाइली साइटच्या ‘इमेजेस’ फोल्डरमध्ये ठेवून देतात. तिथल्या फाइलीचा पत्ता उघडताना जूमलाचा कोडच चालत नाही; वेब सर्व्हर सरळ फाइल देऊन टाकतो. म्हणजे गट, परमिशन, ॲक्सेस लेव्हल, यातलं काहीच मध्ये येत नाही. आणि फाइलींची नावं अर्जाच्या क्रमांकावरून ठेवलेली असतील, तर एकाचा क्रमांक बदलून दुसऱ्या मुलाचा दाखला उघडता येतो. कोणत्याही एका जुन्या अर्जाच्या दाखल्याचा पत्ता घ्या आणि ज्या ब्राउझरमध्ये लॉगिन नाही त्यात उघडून बघा. उघडला, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे दुरुस्त करा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण बालक धरलं आहे, आणि माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये ठेवली आहे. पण कायदा नसता तरी आपल्यावर विश्वासाने दाखला देणाऱ्या आईबापांचं हे देणं आपण लागतोच.

वर्डप्रेस, मूडल अशी दुसरी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी इथेच दोन ओळी, कारण हा प्रश्न तिकडूनही वारंवार येतो. वर्डप्रेसमध्येही मेनू काढून टाकणारी फंक्शन, म्हणजे कोडमधले तयार आदेश, फक्त लपवतात. ‘इज ॲडमिन’ नावाचं फंक्शन समोरचा माणूस ॲडमिन आहे का हे सांगत नाही, पान ॲडमिनच्या बाजूचं आहे का एवढंच सांगतं. प्लगइनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या भागात, परवानगी तपासायला ‘करंट युजर कॅन’ हवं. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रोहिबिट’ हा पर्याय जूमलाच्या डिनाइडसारखाच कठोर आहे, तोही तितकाच जपून वापरावा.

आता डेव्हलपरकडून काय मागायचं. आधी जूमलाची आवृत्ती विचारा. तिसऱ्या आवृत्तीचा अधिकृत सपोर्ट ऑगस्ट २०२३मध्ये संपला. अजून तिच्यावर असाल तर आवृत्ती वर नेणं हेच पहिलं काम. चौथ्या आवृत्तीपासून नव्या पद्धतीने लिहिलेल्या कंपोनंटमध्ये ॲडमिनच्या दाराशी परवानगीची तपासणी जूमला स्वतः करतं. पण जुन्या पद्धतीचा कंपोनंट तसाच उचलून आणला असेल तर ती होत नाही, तिथे डेव्हलपरनेच लिहिलेली असावी लागते. तुमचे करून घेतलेले कंपोनंट कोणत्या पद्धतीचे आहेत हे त्याने लेखी सांगायला हवं. त्यांच्या ऑप्शन्समध्ये परमिशन्सचा टॅबच दिसत नसेल, तर गट लावायला तिथे जागाच नाही. तो टॅब जोडून घेणं हा कामाचा भाग आहे, जादा सुविधा नाही.

दुसरं, प्रत्येक कृतीची स्वतंत्र तपासणी. यादी दाखवणाऱ्या पानावर तपासणी असते, पण ‘एक्सेलमध्ये काढा’ या बटणामागच्या कामावर नसते, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की मी आता तिथूनच सुरुवात करतो. एजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता मागच्या मागे, चालणाऱ्या कामांचंही तसंच. जूमलाच्या सामाईक एजॅक्स कंपोनंटमार्फत जे प्लगइन उत्तर देतात, त्यांनी परवानगी स्वतः तपासावी लागते. मध्ये दुसरं कोणी ती तपासत नाही.

तिसरं शाखांचं, आणि हे तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं. कंपोनंटच्या पातळीवरची परवानगी कोथरूड आणि हडपसर यांत भेद करत नाही. फी-वसुली गटातल्या कोणालाही दोन्ही शाखांची फी दिसेल. कंपोनंट जूमलाच्या कॅटेगरी वापरत असेल तर शाखेची एक कॅटेगरी करून बदल करण्याचे अधिकार तिथपर्यंत तोडता येतात. मात्र यादीत फक्त आपल्या शाखेच्या नोंदी याव्यात यासाठी डेटाबेसमधून नोंदी आणणाऱ्या कोडमध्येच शाखेची अट घालावी लागते. पानावर आल्यानंतर गाळणं चालणार नाही, आणि एक्सेलच्या बटणालाही तीच अट हवी. अर्जांच्या फाइली वेब सर्व्हरच्या आवाक्याबाहेरच्या फोल्डरमध्ये हलवून, परवानगी तपासूनच देणारा कोड हवा.

हे सगळं झाल्याचं तोंडी ऐकून पैसे चुकते करू नका. प्रत्येक गटाचं एक चाचणी खातं, प्रत्येक कंपोनंटचा पत्ता, एका फाइलीचा पत्ता, असा तक्ता करा. डेव्हलपरला शेजारी बसवा आणि प्रत्येक चौकोन उघडून बघा. कोणता पत्ता कोणाला उघडायला हवा आणि कोणाला नको, हे आधीच लिहून ठेवा. चाचणी खाती नंतर बंद करा, पण तक्ता जपून ठेवा. आवृत्ती वर नेली किंवा नवा कंपोनंट बसवला की तोच पुन्हा भरायचा आहे.